वारस रक्ताने ठरतो की नात्याने?

घरातला कर्ता माणूस मरण पावला की वारसांची यादी होऊ लागते आणि तोवर मनात दडलेले संशय कागदावर उतरतात. ‘हा त्याचा मुलगाच नव्हे’ असे म्हणणारे भाऊबंद एका बाजूला. ‘मी त्यांचीच मुलगी, पण मला कोणी कबूल केले नाही’ असे म्हणणारी उपेक्षिता दुसऱ्या बाजूला. दोघांनाही आता एकच तोडगा सुचतो, तो म्हणजे डीएनए चाचणी. विज्ञानाने एकदाचा निकाल द्यावा आणि वाद मिटावा, ही अपेक्षा वरवर रास्त वाटते. परंतु या दोन मागण्या दिसायला सारख्या असल्या तरी एक माणसाला घराबाहेर काढण्यासाठी आहे व दुसरी घरात शिरकाव मिळवण्यासाठी. हा भेद आपल्या कायद्याने स्पष्टपणे केलेला नाही.

प्रथम विज्ञानाची मर्यादा पाहू. लेस्टर विद्यापीठातील अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये या तंत्राचा पाया घातला. हाडांतून व दातांतून मृत्यूनंतर अनेक वर्षांनीही डीएनए मिळू शकतो. फ्रेंच अभिनेते यव्ह मोंताँ १९९१ मध्ये वारले. पितृत्वाच्या दाव्यापायी १९९८ मध्ये त्यांची कबर उघडण्यात आली. चित्रकार साल्वादोर दाली यांची २०१७ मध्ये उघडली गेली. दोन्ही वेळा दावा खोटा ठरला. फ्रान्सने २००४ मध्ये कायदाच केला की, हयातीत स्पष्ट संमती दिलेली नसेल तर मृताची अशी ओळखचाचणी करता येणार नाही.

आपल्याकडे बहुसंख्य मृतांचे दहन होते आणि चितेच्या उष्णतेत डीएनए सहसा टिकत नाही. मग रुग्णालयात जपून ठेवलेला शस्त्रक्रियेतील एखादा मांसाचा तुकडा, नाहीतर जिवंत नातलगांचे रक्त, एवढाच आधार उरतो. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र तपासले तर चुलता व पुतण्या एकाच पुरुषवंशातले आहेत एवढे कळते. मुलगा मृताचा की मृताच्या सख्ख्या भावाचा, हे त्यावरून सांगता येत नाही. मुलीकडे तर हे गुणसूत्रच नसते. शिवाय ज्यांचे रक्त हवे, त्यांचाच वाटा निकालाने कमी व्हायचा असतो. त्यांनी ते खुशीने द्यावे कशाला?

आता कायदा पाहू. वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यावर २८० दिवसांच्या आत व आई अविवाहित असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच मानावे, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ सांगत होते. पतिपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते असे सिद्ध झाले तरच हे गृहीत ढळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हेच तत्त्व कलम ११६ मध्ये आले आहे. जनुकशास्त्र नव्हते म्हणून केलेली ही तडजोड नव्हे. आईबापांच्या भांडणात मुलाच्या कपाळी कलंक लागू नये, हा तिचा हेतू आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. आईबापांच्या मालमत्तेवर हक्क सांगणारा मुलगा त्यांचा नव्हेच, असे मुलींचे म्हणणे होते. इतर पुरावा उपलब्ध असताना इच्छेविरुद्ध चाचणीची सक्ती करणे योग्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. तत्पूर्वी २०१४ मध्ये याच न्यायालयाने पोटगीच्या एका प्रकरणात चाचणीचा निकाल कायद्याच्या गृहीतापेक्षा वरचढ मानला होता. सामान्य पक्षकाराने यातून कोणता बोध घ्यावा?

मुळात वारसा हा केवळ रक्ताचा प्रश्न कधीच नव्हता. दत्तक मुलात रक्ताचा थेंबही जुळत नाही, तरी १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा त्याला पूर्ण हक्क देतो. उलट, विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाचे रक्त तंतोतंत जुळले तरी हिंदू उत्तराधिकार कायदा त्याला आईचाच वारस मानतो. विवाह झाला, पण तो अवैध ठरला, तर १९५५ च्या विवाह कायद्याचे कलम १६ अपत्याच्या पाठीशी उभे राहते. बापाच्या वडिलोपार्जित हिश्श्यातही त्याला वाटा मिळतो, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात आणखी एक गोष्ट दिसते. वाद लांबला की ज्याच्या ताब्यात जमीन, त्याचाच फायदा होतो. पीक तो घेतो, भाडे तो वसूल करतो. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या विधवेला वकिलाची फी, हेलपाटे आणि प्रयोगशाळेचा खर्च पेलत नाही. अशा स्थितीत ‘चाचणी करा’ ही मागणी सत्यशोधनापेक्षा दमवण्याचे हत्यार बनते.

म्हणून कायद्याने चार गोष्टी निःसंदिग्धपणे सांगाव्यात. ज्याला मृताने आयुष्यभर आपले मूल म्हणून वाढवले, त्याच्या जन्माची चौकशी मृत्यूनंतर वारसाहक्कासाठी कोणालाही मागता येऊ नये. नाकारले गेलेले मूल मात्र स्वतःहून चाचणी मागत असेल, तर प्राथमिक पुरावा पाहून ती मुदतीत व्हावी. नातलगाने रक्त देण्यास सबळ कारणाविना नकार दिला, तर प्रतिकूल निष्कर्ष काढण्याची न्यायालयाला मुभा असावी. आणि खर्च मृताच्या मालमत्तेतून व्हावा. डीएनए तंत्रज्ञानाच्या नियमनासाठी २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेले विधेयक २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. नवे आणताना ही तरतूद अवश्य व्हावी.

यावर कोणी म्हणेल, सत्य ते सत्य. ते झाकायचे कशाला? परंतु बापाने मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर स्वतःचे नाव लावले, त्याचे आजारपण काढले, लग्नात पुढे उभा राहिला, हेही सत्यच आहे. बाप हयात असताना ज्यांनी ते मुकाट्याने मान्य केले, त्यांना तो गेल्यावर, त्याचे उत्तर मिळणार नाही अशा वेळी, ते खोडण्याचा अधिकार नसावा.