पाणी मुळेचे, पाइप पश्चिमेकडे!



भिऱ्याच्या वीजघराचे पोलादी पाइप एकदा पाहून या. असा पाइप करायचा म्हणजे जाड पत्रे वाकवून कडी करायची, कड्याला कडे जोडत डोंगर उतरायचा. उतार सुमारे ५०० मीटर. तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या आसपास दाब, म्हणून खाली पत्रा अधिक जाड लागतो. जोड फाटला तर अनर्थ! कारागिरांना आमचा रामराम.

पण आतले पाणी कोणाचे? मुळेचे. अडवले नसते तर भीमेतून उजनीत आले असते. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मुळशीकरांनी सत्याग्रह केला. तरी जमीन बुडाली. १९२७ पासून पाणी कोकणात उतरते आहे.

पश्चिमेच्या पाइपाला थेंबाची गळती चालत नाही. आमच्या चारीला भगदाड पडले तर साहेबाला फुरसत नाही. वर आम्हालाच सांगतात, पाणी नाही!

वीज आज उन्हापासून होते, वाऱ्यापासून होते. ज्वारी-कपाशी पाण्यावाचून होत नाही. दुष्काळी वर्षी तरी मुळेचे पाणी पूर्वेला सोडा. आम्ही भीक मागत नाही, हिशेब मागतो.