टेबलापलीकडच्या माणसाचे शिक्षण

मुलाखतीस कसे बसावे, काय बोलावे, हे उमेदवाराला शिकविणाऱ्या पुस्तकांना आणि वर्गांना आज तोटा नाही. परंतु टेबलापलीकडे बसून प्रश्न विचारणाऱ्याला ते काम कोणी शिकविले आहे काय, ही चौकशी सहसा कोणी करीत नाही. हिशेब तपासणारा हिशेब शिकून येतो, वाहन हाकणाऱ्याला परवाना लागतो. व्यवस्थापकाला मात्र खुर्ची मिळाली की माणसांची पारखही आपोआप साधते, अशी एक सोयीस्कर समजूत आहे.

ती किती पोकळ आहे, हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या अजय हासिया खटल्यात दिसून आले. प्रकरण नोकरीचे नव्हे, श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचे होते. लेखी परीक्षेला 100 गुण आणि मुलाखतीला 50. ही मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली गेली आणि तीतही विषयाचे ज्ञान बाजूस राहून वडील कोण, राहता कुठे, एवढीच विचारपूस झाली, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. 1980 च्या नोव्हेंबरात निकाल देताना न्यायालयाने मुलाखतीस 15 टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे गैर ठरविले, आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशी सूचनाही केली.

वडील कोण, राहता कुठे! हे प्रश्न आम्हा गोमंतकीयांना परके वाटू नयेत. 'तूं खंयचो?' हा तर आपल्याकडे आपुलकीचा पहिला प्रश्न. ओसरीवर तो शोभतो. निवड समितीपुढे मात्र त्याचे उत्तर येताच वाडा कळतो, कोणत्या देवस्थानचे महाजन हे कळते, आणि ते कळले की जातही कळते. पुढचे प्रश्न मग उपचारापुरते उरतात. विचारणारा लबाड असतोच असे नव्हे. वशिल्याची चिठ्ठी दारातून येते, ती परत पाठविता येते. ही ओढ आधीच मनात बसलेली असते. आणि ज्याची समितीवर कोणाशीच ओळख निघत नाही, तो मुलगा परीक्षा होण्यापूर्वीच मागे पडतो.

यावर उपाय नाही असे नाही. आपल्या सैन्यदलात अधिकारी निवडणारी मंडळे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाली. तेथे मानसशास्त्रज्ञ, गटचाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी उमेदवाराला स्वतंत्रपणे पारखतात, शेवटीच एकत्र बसतात. आणि या कामाचे रीतसर शिक्षण घेतल्यावाचून कोणालाही तेथे बसविले जात नाही. कारखान्याला पाच दिवसांच्या चाचण्या परवडणार नाहीत हे खरे, पण त्यातले सार घेता येते. वेर्ण्याच्या कारखान्यात भांडारपाल हवा असेल, तर 'तुमचे गुण सांगा' असे विचारून पाठ केलेले उत्तर ऐकण्याऐवजी 'मोजणी आणि नोंदवही जुळली नाही, तेव्हा तुम्ही काय केलेत?' असे विचारावे. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. आणि प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी आपले गुण कागदावर मांडावेत. नाहीतर वरिष्ठांनी मान डोलावली की बाकीच्याही डोलतात. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 साली जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली, तेव्हा अशा आखीव मुलाखतीचा पुढील कामाशी संबंध 0.42 भरला, मोकळ्या गप्पांचा अवघा 0.19. 'मी माणूस पाहताच ओळखतो' म्हणणाऱ्या अनुभवी मंडळींनी हे आकडे जरूर पाहावेत.

केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखतीच बंद केल्या. विचारणाऱ्यांवर भरवसा उरला नाही, हाच त्याचा अर्थ. खाजगी उद्योगांना तो मार्ग नाही. त्यांना समोरासमोर बसावेच लागणार. 1908 पासून चालत आलेले गोवा चेंबर आणि साखळीची गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट यांनी मिळून दोन दिवसांचा वर्ग चालवावा, असे आम्ही सुचवितो. व्याख्याने थोडी, तालीम अधिक. एकाच उमेदवाराला चौघांनी दिलेले गुण शेजारी शेजारी मांडून दाखवावेत. त्यातली तफावत पाहून चपापणार नाही असा व्यवस्थापक विरळा. या वर्गास बसलेल्यांवाचून कोणालाही निवड समितीवर घ्यायचे नाही, एवढा नियम कारखान्यांनी तूर्त स्वतःपुरता केला तरी पुरे.