मुलांचे सामने आणि मोठ्यांचे चषक

पावसाळा सरला, उघड्यावरच्या सिमेंटच्या रिंक कोरड्या झाल्या आणि शहरातील स्केटिंग क्लबांत दर वर्षीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला : यंदा मुलांचा संघ कोणकोणत्या स्पर्धांना पाठवावयाचा? इनलाइन हॉकी हा खेळ आपल्याकडे अद्याप थोड्यांचा आहे. पायांत एका ओळीत चाके बसविलेले स्केट्स, हातात लांब स्टिक, चेंडूच्या ठिकाणी जमिनीवरून घसरत जाणारी चपटी चकती, म्हणजे पक, आणि गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूस पाच खेळाडू, एवढे सांगितले म्हणजे ज्यांनी तो पाहिला नाही त्यांस पुरे. अशा खेळातील लहान मुलांच्या स्पर्धा हा काही पहिल्या पानावरच्या अग्रलेखाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या सुट्या, त्यांच्या आईबापांची शिल्लक आणि त्या मुलांची स्वतःविषयीची समजूत, या तिन्ही गोष्टी ज्या निर्णयावर अवलंबून आहेत, तो निर्णय क्षुल्लक मानावयास आमची तयारी नाही.

गेल्या आठवड्यात अशा एका क्लबाच्या पालकसभेस बसण्याचा योग आम्हांस आला. संघ बारा वर्षांखालील मुलांचा होता. प्रशिक्षकांनी टेबलावर तीन पत्रके मांडली. पहिल्यावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द मोठ्या अक्षरांत होता. दुसऱ्यावर ‘अखिल भारतीय’. तिसरे पत्रक म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातील क्लबाने साध्या कागदावर पाठविलेले, चार संघांच्या दोन दिवसांच्या साखळी सामन्यांचे निमंत्रण. हे तिसरे पत्रक कोणी हातातही घेतले नाही. पहिले मात्र साऱ्या सभेतून फिरले. कोणत्या देशांचे कोणते संघ येणार हे त्यात कोठेही नव्हते. प्रवेशशुल्काचा आकडा होता, हॉटेलचे नाव होते आणि सहभागी होणाऱ्या प्रत्येक खेळाडूस पदक मिळेल असे आश्वासन होते. एका मातेने हलक्या आवाजात विचारले, “सर, याचं प्रमाणपत्र चालतं ना?” कोठे चालते, हे तिने सांगितले नाही. तसे सांगण्याची गरजही कोणास भासली नाही.

या मातेस दोष देण्याचे आमच्या मनात नाही. ज्या राज्यात खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव असतात, तेथे आईबाप मैदानाकडे पाहताना कागदाकडेही पाहणारच. तथापि कागदाकडे पाहावयाचे तर ते तरी डोळे उघडे ठेवून पाहावे. आपल्या देशात या खेळाचा कारभार रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था पाहते. तिच्यावर वर्ल्ड स्केट ही जागतिक संस्था आहे. १९२४ मध्ये स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे स्थापन झालेल्या जुन्या रोलर क्रीडा महासंघात २०१७ साली स्केटबोर्डचा महासंघ विलीन झाला आणि तिला हे नाव मिळाले. जिल्हा, राज्य, राष्ट्र अशी ही शिडी आहे. शालेय स्पर्धांचा, जिल्हा क्रीडा कार्यालयातून जाणारा मार्ग निराळा. या दोहोंपैकी एकाही मार्गावर जी स्पर्धा उभी नाही, तिने आपल्या नावामागे ‘आंतरराष्ट्रीय’ काय आणि ‘विश्व’ काय, कोणतेही विशेषण लावले तरी तिच्या प्रमाणपत्राची सरकारदरबारी किंमत होईल अशी आशा धरणे व्यर्थ आहे. दूरध्वनी करून हे विचारून घ्यावयास पाच मिनिटे लागतात. चार आकडी प्रवेशशुल्क भरताना ही पाच मिनिटे आपण का वाचवितो, हे आम्हांस न उलगडलेले कोडे आहे.

परंतु समजा, स्पर्धा सर्वस्वी मान्यताप्राप्त आहे. तेवढ्याने ती आपल्या संघास योग्य ठरते काय? आमच्या मते खरा प्रश्न येथून सुरू होतो.

तालमीतला वस्ताद नवा पठ्ठा तयार करतो तेव्हा त्याला तो एकदम मोठ्या मैदानात उतरवीत नाही. गावोगावच्या जत्रांत रेवड्यांच्या कुस्त्या लागतात. तेथे वयाची, वजनाची, दमाची जोड पाहून तो पोराला लंगोट चढवावयास सांगतो. समोरचा फार भारी निघाला तर वस्ताद स्वतः पुढे होऊन “ही जोड नाही” म्हणून सांगतो, आणि तसे सांगण्यात त्याला यत्किंचितही कमीपणा वाटत नाही. जोड फार हलकी लागली तरीही तो खूश नसतो; तशा कुस्तीत पोराला रेवड्या मिळतात, डाव मिळत नाही. ही समज आपल्या मातीतली, पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली आहे. मग स्केट्सवर उभ्या असलेल्या मुलाच्या बाबतीत आपण ती का विसरावी? चौदा-शून्याने हरणाऱ्या संघातील मुलांस त्या सामन्यात पकाला स्टिक लावण्याचीही संधी क्वचित मिळते. गोलरक्षक मुलाची तर गोष्टच सोडा. जिंकणाऱ्या संघाचीही त्यात कमाई नाही. तिसऱ्या गोलनंतर ती मुले एकमेकांस पक देणे सोडून आपल्या नावावर गोल लावण्याच्या मागे लागतात.

ज्या उत्तर अमेरिकेत या खेळाचा प्रसार झाला, तेथे ही गोष्ट ओळखली गेली आहे. १९८० साली मिनिॲपोलिसमधील दोन भावांनी रोलरब्लेड हे स्केट्स काढले, आणि पुढच्या दशकात बर्फाविना हॉकी खेळण्याची तेथे लाटच आली. तेथील नॉर्थ अमेरिकन रोलर हॉकी चॅम्पियनशिप्स ही स्पर्धा १९९४ पासून भरते. तिच्यात दहा, बारा, चौदा वर्षांखालील असे वयाचे गट असतातच; शिवाय एकाच वयाच्या संघांचे कौशल्याप्रमाणेही वेगवेगळे विभाग पाडले जातात. खालच्या विभागात खेळणे ही तेथे शरमेची गोष्ट नाही; स्वतःचा विभाग अचूक ओळखणे हे चांगल्या प्रशिक्षकाचे लक्षण समजले जाते. बाद फेरीपूर्वी प्रत्येक संघास साखळीत ठरावीक सामने मिळतात. आपल्याकडे कित्येक ठिकाणी पहिल्या फेरीपासूनच बाद पद्धत असते. म्हणजे दीड दिवस रेल्वेत बसून गेलेला संघ एका सकाळी हरतो आणि उरलेले तीन दिवस बाजारहाट करतो. हा प्रवास खेळासाठी झाला असे म्हणण्यास धाडस लागेल.

नॉर्वेचे उदाहरण याहून बोलके आहे. त्या देशाने १९८७ पासून मुलांच्या क्रीडेविषयी नियम लागू केले. अकराव्या वर्षाच्या आत मुलांच्या निकालांच्या क्रमवाऱ्या लावावयाच्या नाहीत आणि तेराव्या वर्षाच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धांत त्यांस उतरवावयाचे नाही, अशी तेथील रीत आहे. अशाने देशाचा खेळ मागे पडेल म्हणावे, तर पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या त्या देशाने २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३९ पदके आणि २०२२ मध्ये १६ सुवर्णपदकांसह ३७ पदके मिळवून दोन्ही वेळा पहिला क्रमांक पटकावला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही मुलांस आठवड्यातून निदान एक दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने त्यांच्या मुख्य खेळापासून सुटी असावी असे सांगते. आपल्या मुलांस ही दुसरी सुटी पर्जन्यराजा न मागता देतो. पहिली मात्र आपणच हिरावून घेतो.

घरचे उदाहरण हवे असेल तर मुंबईच्या क्रिकेटकडे पाहावे. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची फेब्रुवारी १९८८ मधील ६६४ धावांची भागीदारी झाली ती हॅरिस शील्डमध्ये, आझाद मैदानावर, शाळाशाळांच्या सामन्यात. १९४८ पासून भर पावसात खेळली जाणारी कांगा लीगही या शहराचीच. लोकलने जावे, दिवसभर खेळावे आणि संध्याकाळी घरी जेवावयास यावे, अशा स्पर्धांनी मुंबईचे फलंदाज घडविले. त्या स्पर्धांची नावे भारदस्त नव्हती असे नव्हे, पण त्यांचे खरे बळ सामन्यांच्या संख्येत आणि तोडीस तोड प्रतिस्पर्ध्यांत होते. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक येथील क्लबांनी मनावर घेतले तर इनलाइन हॉकीची अशी साखळी, डिसेंबर ते फेब्रुवारी, पाळीपाळीने एकमेकांच्या रिंकवर खेळविणे मुळीच अशक्य नाही. त्यास प्रायोजक लागत नाही, पाहुणे लागत नाहीत, भाषणेही लागत नाहीत.

एक जुनी गोष्ट येथे सांगणे भाग आहे. आम्ही शाळेत मास्तर असताना खो-खोचा संघ घेऊन परगावी गेलो होतो. संघ बारा जणांचा, मैदानात नऊ. उरलेल्या तिघांपैकी एक मुलगा तीन दिवस सर्वांचे डबे आणि चपला सांभाळीत बसला. उपांत्य सामन्यात आपली सरशी निश्चित झाल्यावरही त्याला आत घेण्याचे आम्हांस सुचले नाही, कारण आमचे लक्ष चषकाकडे होते. चषक आला. परतीच्या गाडीत तो मुलगा म्हणाला, “सर, आता घरी विचारतील, तू काय केलंस.” तो चषक शाळेच्या कपाटात कोठे गेला ते आम्हांस ठाऊक नाही, तो प्रश्न मात्र अजून आमच्यापाशी आहे.

म्हणून प्रशिक्षकांस आमची सूचना अशी की, स्पर्धा निवडताना संघातील सर्वांत कच्च्या मुलाला समोर ठेवावे. या स्पर्धेत त्याला किती मिनिटे रिंकवर उतरता येईल? याचे उत्तर समाधानकारक असेल तर बाकीच्या चौकश्या कराव्यात : कोणते संघ नक्की झाले आहेत, वय कोणत्या तारखेस मोजणार, सामने रात्री किती वाजेपर्यंत चालणार, जागेवर डॉक्टर आहे की नाही, रिंक सिमेंटची की प्लॅस्टिकच्या फरशांची. शेवटचा मुद्दा वरकरणी किरकोळ वाटतो, पण चाकांची निवड त्यावर अवलंबून असते, आणि घसरणाऱ्या चाकांवर पडलेल्या मुलाला तो किरकोळ वाटत नाही. पत्रकावर नुसते ‘हॉकी’ लिहिले असेल तर पक की चेंडू हेही विचारून घ्यावे; जोडचाकी स्केट्सवर चेंडूने खेळली जाणारी रोलर हॉकी हा निराळा खेळ आहे.

आणखी एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मोठ्या नावाच्या स्पर्धेला जावयाचे ठरले की संघ ‘मजबूत’ करण्याची घाई सुरू होते. मग दुसऱ्या क्लबाचे दोन खेळाडू उसने आणले जातात, आणि क्वचित एखाद्या मुलाचे वयही दीड वर्षाने उतरते. वयचोरीविरुद्ध केंद्र सरकारची आचारसंहिता २०१० पासून आहे. पण कायद्याची भीती दाखविण्याचा आमचा हेतू नाही. खोट्या जन्मतारखेवर खेळणाऱ्या मुलाला आपण खोटे खेळत आहोत हे पुरते कळत असते. ते त्याला त्याच्याच बापाने आणि गुरूने शिकविलेले असते. उसना खेळाडू ज्याची जागा घेतो, तो वर्षभर पहाटे पाचला उठून सरावाला आलेला असतो.

मोठ्या स्पर्धेस मुळीच जाऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. चंडीगड, पंजाब, हरियाणाकडचे संघ कसे खेळतात हे मुलांनी पाहिलेच पाहिजे. वर्षातून एकदा, राज्यातील सामन्यांतून वर चढून, वार्षिक परीक्षा तोंडावर नसताना, आणि ज्या घरास खर्च झेपत नाही त्याचा भार क्लबाने वाटून घेऊन, अवश्य जावे. तेथे हरले तरी ती हार उपयोगी पडेल, कारण तिच्या आधी दहा-बारा बरोबरीचे सामने खेळून झालेले असतील.

त्या पालकसभेत निर्णय झाला नाही. तो येत्या रविवारावर गेला. उठताना प्रशिक्षकांनी तिन्ही पत्रके गोळा केली तेव्हा साध्या कागदावरचे ते तिसरे पत्रक खाली पडले होते, ते आम्ही उचलून त्यांच्या हाती दिले. नावे कळविण्याची त्याची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, प्रत्येक संघास निदान तीन सामने आहेत, आणि रिंक एस. टी. स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे.