सबब की अडचण?

परवा माझ्या हातून एक आगाऊपणा झाला. भाचीच्या बाळंतपणाला चार महिने झालेत, तेही सिझेरियन. तिला मी मोठ्या उत्साहाने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक बाई कडेवर तान्हं बाळ घेऊन बैठका मारतेय, पोट एकदम सपाट, चेहरा टवटवीत. खाली लिहिलेलं, 'मी करू शकते, मग तू का नाही?' वर मी माझ्यातर्फे एक अंगठाही जोडला. ब्लू टिक दिसल्या, पण उत्तर काही येईना. रात्री अकरा वाजता फोन. "मावशी, खरं सांग, मी फार जाड दिसते का गं?"

काय बोलावं ते सुचेना. मला तर तिला हुरूप द्यायचा होता!

हा वाद तसा जुनाच. २०१३ साली अमेरिकेत मारिया कँग नावाच्या कॅलिफोर्नियातल्या बाईंच्या फोटोवरून केवढा गदारोळ झाला होता. व्यायामाच्या तोकड्या कपड्यांतली त्यांची कमावलेली अंगकाठी, भोवती तीन मुलगे, एक तीन वर्षांचा, एक दोन वर्षांचा आणि धाकटा आठ महिन्यांचा. वर प्रश्न: तुमची सबब काय? कित्येकींना त्यातून स्फूर्ती मिळाली, कित्येकी चिडल्या. कँगबाईंचं म्हणणं होतं की मी नोकरीधंदा सांभाळते, मुलांना सांभाळायला बाई नाही, पूर्वी मला खाण्याच्या विकारानेही ग्रासलं होतं. म्हणजे त्यांनी कष्टाने मिळवलेलं होतं, यात शंका नाही. त्याबद्दल त्यांचं कौतुकच.

मला खटकतो तो फोटो नाही, तो प्रश्न. आपल्या मराठीत कारण, अडचण आणि सबब हे तीन वेगळे शब्द आहेत. 'तुझी अडचण काय?' असं विचारणारा उत्तर ऐकायला थांबतो. 'तुझी सबब काय?' असं विचारणाऱ्याने मात्र समोरची जे सांगेल ते खोटं, हे आधीच ठरवलेलं असतं. टाके दुखतात? सबब. रात्रभर बाळ झोपू देत नाही? सबब. त्याच अमेरिकेत केंद्रीय कायद्याने बाळंतपणासाठी १२ आठवड्यांची रजा मिळते, आणि तीही बिनपगारी. ही काय सबब झाली?

आता कोणी म्हणेल, म्हणजे बाळंतिणीने डिंकाचे लाडू खात नुसतं बसून राहायचं का? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये बाळंतिणींनाही, काही वैद्यकीय अडसर नसेल तर, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, हळूहळू वाढवत नेण्याचा. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारून. मनालाही त्याचा फायदा होतो. हिशेब केला तर रोजची साधारण बावीस मिनिटं. फार नाहीत. पण त्या बावीस मिनिटांत बाळाला घ्यायचं कोणी?

भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात असं दिसलं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ८८. बाळाला सांभाळण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. तरी 'तुमची सबब काय?' असा बाप्यांना उद्देशून केलेला फोटो मी तरी अजून पाहिलेला नाही!

माझ्यापुरतं सांगायचं तर प्रेरणा आणि लाज यांतला फरक मला आता सोपा वाटतो. ज्या बोलण्यानंतर समोरचीचं ओझं थोडं हलकं होतं ती प्रेरणा. नुसतं आरशात बघून वाईट वाटतं ती लाज, मग पाठवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

भाचीची मी माफी मागितली. आता मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तिच्याकडे जाते आणि अर्धा तास बाळाला घेते. बाकीच्या दिवशी जावईबापू. पहिल्या दिवशी ती चालायला म्हणून खाली गेली आणि वर आल्यावर हसत म्हणाली, "मावशी, आज नुसती बाकावर बसून होते गं." मी म्हटलं, बस की! दुसऱ्या आठवड्यात तिने सोसायटीला चार फेऱ्या मारल्या.

असो. घरातली मंडळीही हे वाचतात, म्हणून जाहीर सांगते. पुढच्या वेळी कोणा बाळंतिणीला असा व्हिडिओ पाठवावासा वाटला तर आधी फोन करून विचारा, "बाळाला घ्यायला येऊ का?"