कवड्या की मण्यार?

दिवाळी अंकासाठी या सदरात यंदा काही तरी गोडधोड लिहा, असा संपादकांचा निरोप आला आणि त्याच दिवशी आमच्या इमारतीच्या जिन्यात साप निघाला. आता मी काय करणार? चकलीवर आणि करंजीवर लिहायला माझ्यापेक्षा अधिकारी माणसे पुष्कळ आहेत. जिन्यातल्या सापावर लिहिणारा मात्र या अंकात बहुधा मी एकटाच असेन. तेव्हा वाचकांनी फराळाच्या ताटात ही एवढी तिखट शेव चालवून घ्यावी.

आमची वस्ती बदलापूरच्या बाहेरच्या अंगाला, जिथे शेते संपून इमारती लागतात तिथे. मी तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. त्यामुळे झुरळापासून घुबडापर्यंत काहीही निघाले तरी इमारतीतले लोक आधी माझी घंटा वाजवतात. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्याखालचा अडगळीचा पसारा काढत होत्या. जुन्या पत्र्याच्या पेटीमागून काही तरी सळसळले आणि पुढच्या क्षणी सगळी इमारत जिन्यात जमली. रखवालदाराच्या हातात काठी, पोरांच्या हातात मोबाईल, आणि तळमजल्यावरच्या आजी दाराआडून 'आस्तिक आस्तिक' म्हणत होत्या.

"सर, मण्यार आहे! पांढरे पट्टे बघा!" रखवालदार म्हणाला.

साप हातभर लांबीचा असावा. पाण्याच्या नळाला धरून तो भिंतीवर चढला होता. पुढचा अर्धा भाग दिसत होता, मागचा नळाआड होता. मी चार पावलांवर उभा राहून बॅटरी मारली. रंग तपकिरी, डोके चपटे, मानेशी फिकट पिवळसर कडे, आणि मानेपासूनच सुरू होणारे रुंद पांढरे पट्टे.

"सर, सांगा की! मारू का सोडू?"

"शेपूट दिसू दे," मी म्हटले.

लोकांना हा निव्वळ वेळकाढूपणा वाटला. आमच्या सौ.ही मागून म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं शिकवलंत, एवढंही ओळखता येत नाही का?" मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्यामागे एक जुनी गोष्ट आहे. ती सांगण्याआधी थोडी ओळखपरेड करू.

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. गंमत अशी की या प्रत्येकाला निसर्गाने एकेक तोतया दिला आहे, आणि तोतयांच्या पायी दोन्हीकडून घोटाळा होतो. निरुपद्रवी साप विषारी समजून मारला जातो, आणि विषारी साप निरुपद्रवी समजून हातात घेतला जातो.

नागाचा तोतया म्हणजे धामण. नाग काही चोवीस तास फणा काढून बसत नाही, तो डिवचला म्हणजेच फणा काढतो. एरवी सरपटत जाणारा नाग आणि मध्यम धामण यांत घाईच्या नजरेला फरक दिसत नाही. धामणीचे डोळे मोठे, वाटोळे, आणि ओठांवर पेनने ओढल्यासारख्या उभ्या काळ्या रेघा असतात. ती फणा काढत नाही. धामण ही नागाची मादी, ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ही सारी लोकांची कल्पना. धामणींत धामणच नर असतो आणि नागांत नागीणच मादी. ती खाते उंदीर, म्हणजे शेतकऱ्याचा खर्चच वाचवते. पाण्याकाठचा दिवडसुद्धा चिडला की मान पसरून नागाचा आव आणतो, तो निराळाच.

घोणशीच्या अंगावर कडा काळ्या असलेल्या लांबट वाटोळ्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, साखळीसारख्या. अजगराच्या पिलाच्या अंगावर मात्र फाटक्या नकाशासारखे वेडेवाकडे ठिगळ असते. 'अजगराचं पिल्लू आहे' म्हणून घोणस उचलणारे जिवाला मुकले आहेत. डुरक्या घोणस म्हणून एक बापडा साप आहे, आखूड शेपटीचा आणि बिनविषारी. नावातच घोणस, मग त्याला जगू कोण देतो? खरी घोणस चिडली की प्रेशर कुकरची शिटी सुटावी तशी फुस्कारते. तो आवाज ऐकल्यावर ओळख पटवत उभे राहू नये.

कोकणातले फुरसे वीतभर-हातभर, पण अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करते. त्याच्यासारखा दिसणारा मांजऱ्या सडपातळ मानेचा आणि मांजरासारख्या उभ्या बाहुलीचा असतो. त्याचे सौम्य विष माणसाला घातक नाही.

आणि मण्यारीचा तोतया कवड्या. ही जोडी सर्वांत वाईट, कारण दोघेही रात्री फिरतात आणि दोघेही घरात शिरतात. कवड्या पालींच्या मागावर भिंती चढतो, मण्यार बहुधा जमिनीवरच असते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे नेमके उलट: मानेकडे पट्टे नसतात किंवा ठिपक्यांपुरते असतात, आणि शेपटीकडे ते ठळक होतात, बहुधा जोडीजोडीने. मण्यारीचा रंग चकचकीत निळसर काळा. तिच्या पाठीच्या कण्यावरून षट्कोनी मोठ्या खवल्यांची एक ओळ जाते, कवड्याला ती नसते.

आता तुम्ही म्हणाल, झाले की मग, सोपे आहे! आमच्या विद्यार्थ्यांनाही परीक्षेपुरते सोपेच वाटे. पण मण्यारीच्या पिलांना मानेजवळही पट्टे असतात. एखाद्या मोठ्या मण्यारीवर ते जवळजवळ नसतातच. कात टाकायला आलेली मण्यार चकचकीत राहत नाही, मळकट दिसते. आणि षट्कोनी खवले मोजण्याइतके जवळ जाणारा माणूस मूर्ख तरी असतो किंवा साप मेलेला तरी. 'विषारी सापाचे डोके त्रिकोणी' हे सूत्र तर मी खोडरबराने खोडू इच्छितो. ते घोणशीला आणि फुरशाला लागू पडते, नागाला नाही, मण्यारीला तर मुळीच नाही. दोन दातांच्या खुणा म्हणजे विषारी, हेही तसेच. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा सापडतच नाही आणि दुखतही नाही.

हे मी पुस्तकात वाचलेलेच होते. तरी 1987 सालच्या श्रावणात मी शहाणपणा केला.

राजापूर तालुक्यात मामांकडे गेलो होतो. वीज गेलेली, बाहेर पाऊस. पडवीत जळणाच्या लाकडांची चळत होती, तिच्यात मामींना साप दिसला. मी कंदील घेऊन पुढे झालो. दोन लाकडांच्या फटीतून वीतभर अंग दिसत होते: मळकट तपकिरी, वर पांढऱ्या रेघा. डोके आत, शेपूट आत.

"कवड्या!" मी जाहीर केले. "बिनविषारी. पाली खातो बिचारा. झोपा खुशाल."

मामांचा गडी पडवीत झोपे. साप म्हटल्यावर त्याने घोंगडी गोळा करून माजघराची वाट धरली होती. माझे बोलणे ऐकून तो थांबला, माझ्याकडे बघून हसला आणि घोंगडी पुन्हा पडवीत पसरली.

पहाटे त्याच्या पोटात कळ आली, उलटी झाली. अजीर्ण म्हणून मामींनी ओवा दिला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दादा, डोळे उघडत नाहीत." पापण्या खरेच खाली आल्या होत्या. आवाज नाकातून येऊ लागला, पाणी गिळेना. माझ्या पोटात गोळा आला. ही लक्षणे मी फळ्यावर लिहून दिलेली होती! घोंगडी झटकली तेव्हा घडीतून मण्यार पडली. शेजाऱ्यांनी ती मारली. मी कंदिलाशी नेऊन पाहिली. कण्यावर षट्कोनी खवले, शेपटीच्या टोकापर्यंत पट्टे, डोळे दुधाळ. कात टाकायला आलेली, म्हणून मळकट. रात्रीचीच ती की दुसरी, हे मला आजही सांगता येणार नाही. सांगता आले नाही म्हणून बरे वाटते, असेही नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी सर्पविषावरची लस शिरेतून दिली, पण श्वास थांबत चालला होता. श्वासाचे यंत्र तिथे नव्हते. डॉक्टरांनी घशातून नळी घातली आणि तिला रबरी फुगा जोडला. तो हाताने दाबायचा, मिनिटाला पंधरा वेळा, न थांबता. डॉक्टर, कंपाउंडर, मामा आणि मी, आळीपाळीने. दोन रात्री आणि दीड दिवस. डोळा लागू नये म्हणून मी मोठ्याने आकडे मोजत असे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पायाचा अंगठा हलला.

या रोगाचा एक क्रूरपणा मला तेव्हा कळला. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, पण माणूस शुद्धीवर असू शकतो. बोट हलवता येत नाही, पापणी उचलता येत नाही, कान मात्र जागे. आठवड्याने घरी आल्यावर गडी मला म्हणाला, "दादा, तुम्ही आकडे मोजत होतात ते सगळं ऐकू येत होतं. दोनशेच्या पुढे चुकत होतात."

मी हसलो. मग त्याने सरळ साधेपणाने विचारले, "तो कवड्या होता ना?"

असो. तेव्हापासून अर्ध्या सापावर मी मत देत नाही.

एक गोष्ट मात्र वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. दंश झाल्यावर साप ओळखत बसण्याची गरज नसते. आपल्याकडची लस या चारही सापांच्या विषावर एकत्रच चालते. परळच्या हाफकिन संस्थेशी तिचे नाव जोडलेले आहे, आणि ती विषाचे लहान लहान डोस दिलेल्या घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. डॉक्टर लक्षणे बघतात. रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे ठेवून गोठते की नाही ते पाहतात. तेव्हा साप मारून दवाखान्यात नेण्याचा खटाटोप कशाला? त्यात दुसरा माणूस चावून घेतो. मेलेल्या सापाचे तोंडही काही काळ चावू शकते. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर नाही. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळायची नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, चावलेला हात किंवा पाय फळकुटाला बांधून हलू द्यायचा नाही, आणि 108 ला फोन करून इस्पितळ गाठायचे.

मांत्रिकाकडे जाणारे अजून आहेत. त्याच्या यशाचे गुपितही या तोतयांतच आहे. कवड्या चावला, दिवड चावला, किंवा नागच चावला पण विष सोडले नाही, अशी माणसे मंत्राशिवायही बरी होणारच असतात. ती गावभर मंत्राची कीर्ती गातात. बाकीची गाऊ शकत नाहीत. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज असा की 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. बहुतेक खेड्यांतली. केंद्र सरकारने 2024 च्या मार्चमध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा. आपण शहरात राहून करण्यासारखे थोडेच: जमिनीवर झोपणाऱ्या कामवालीला आणि रखवालदाराला खाट किंवा नीट खोचलेली मच्छरदाणी मिळते का, एवढे पाहावे. मच्छरदाणीने मण्यारही अडते.

जिन्यात आम्ही दहा मिनिटे उभे होतो. वनखात्याच्या 1926 क्रमांकावर फोन करून झाला होता आणि सर्पमित्र निघाला होता. घरात शिरलेला साप आपण धरू नये आणि मारू तर मुळीच नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हाही आहे. पोरे कंटाळून बसकण मारायच्या बेतात होती, त्यांना मी उठवले. एवढ्यात पाल हलली, साप पुढे सरकला आणि नळाआडून त्याचे उरलेले अंग बाहेर आले. पट्टे पुसट होत होत नाहीसे झाले होते. शेपूट कोरी, तपकिरी.

"कवड्या," मी म्हटले.

"नक्की ना?" वहिनींनी विचारले.

"नक्की. तरी हात लावू नका."

सर्पमित्र आला, त्याने बघताक्षणी तेच सांगितले आणि साप कापडी पिशवीत घालून नेला. रखवालदार आपली काठी कुठे ठेवावी अशा विचारात दिसला. रात्री मी जिन्यावरून वर जाताना वहिनींच्या घराचे दार उघडे होते. दिवाळीला आलेल्या भाचरांसाठी दिवाणखान्यात जमिनीवर गाद्या घालायचे ठरले होते, पण त्या दोन्ही पोरांना खाटेवर दाटीवाटीने निजवत होत्या. मला बघून त्या जरा ओशाळल्या.

"कवड्या होता म्हणालात खरं, पण..."

"राहू दे, राहू दे," मी म्हटले. "मी तेच सांगायला आलो होतो."