एका इंजेक्शनपायी चार दशकं

प्रा. सुजॉय कुमार गुहा मूळचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर. शिक्षण खरगपूरच्या आयआयटीत, मग अमेरिकेत. पीएचडी मात्र शरीरक्रियाशास्त्रात. भारतात परतल्यावर आयआयटी दिल्ली आणि एम्स यांच्या बायोमेडिकल इंजिनिअरिंग केंद्राच्या उभारणीत ते पुढे होते. डॉक्टरांच्या मुलखात इंजिनिअरची लुडबुड कोणाला खपते? गुहांनी पुढे एमबीबीएसही करून टाकलं.

पाण्याच्या नळांना आतून पॉलिमरचा लेप देऊन जंतू मारता येतील का, हा त्यांचा आधीचा शोध. तीच कल्पना त्यांनी पुरुषाच्या शुक्रवाहिनीत नेली. एक इंजेक्शन, आतल्या भिंतीला लेप आणि तिथून जाताना निकामी होणारे शुक्राणू. ‘रिसग’ नावाच्या या पद्धतीवरचा पहिला शोधनिबंध १९७९चा. तिसऱ्या टप्प्याच्या मानवी चाचणीचे निष्कर्ष छापून आले २०२३मध्ये. ३०३ पुरुष, गर्भधारणा रोखण्यात ९९ टक्के यश, गंभीर दुष्परिणाम नाहीत.

मधली ४४ वर्षं कुठे गेली?

सुरक्षिततेच्या शंकांवरून चाचण्या मध्येच रखडल्या. शंका तपासायलाच हव्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकदा टोचलं की वर्षानुवर्षं चालणारं स्वस्त औषध बनवण्यात औषध कंपन्यांना काय रस असणार? रोजची गोळी रोज विकली जाते. शिवाय गर्भनिरोधन हे बायकांचं काम, अशी आपली घरगुती समजूत आहेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के होतं, पुरुष नसबंदीचं ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असूनही हे असं!

गुहांना २०२०मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या चिकाटीला तपश्चर्या म्हणून हात जोडणं सोयीचं आहे, कारण मग दिरंगाईचा जाब कोणाला विचारावा लागत नाही. बढतीसाठी दरवर्षी शोधनिबंध मोजणाऱ्या आजच्या विद्यापीठात एखादा तरुण प्राध्यापक असा एकच विषय चार दशकं धरून बसू शकेल, असं वाटत नाही.

एक मोठा प्रश्न अजून शिल्लक आहे. हा लेप विरघळवून प्रजननक्षमता परत आणता येते, हे प्राण्यांमध्ये दिसलं आहे. माणसांत ते तपासणं या चाचणीत नव्हतं. लग्नाला दोन-चार वर्षं झालेला पुरुष मात्र नेमकं तेच आधी विचारणार. त्या चाचणीचा खर्च सरकारने उचलावा आणि तिचं वेळापत्रक जाहीर करावं.