अनवाणी चढण आणि खिशातील साखर

चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याच्या येडेश्वरीचा डोंगर अनवाणी आणि निरंकार उपवासाने चढावयाचा, हा आमच्या घराण्याचा जुना दस्तूर. आणि परदेशी स्थायिक झालेली आमच्यातील पुष्कळ मंडळी, वर्ष खुर्चीत नि मोटारीत काढून, सुट्टीत गावी आली की तो एका दमात पुरा करू पाहतात. त्यांत मधुमेहीही असतात. मधुमेह्याने डोंगर चढू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही; राबणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतो, म्हणून चालणे हे त्यास औषधच आहे. परंतु रिकामे पोट, घेतलेली गोळी आणि उघडा पाय घेऊन तीच चढण चढणे, यास मी श्रद्धा न म्हणता हयगय म्हणतो.

एका वर्षी त्याच चढणीवर आमच्या मधुमेही काकांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. तेव्हा भोवतालच्या बायांनी ‘आई अंगात आली’ म्हणून हात जोडले. कपाळाला हात लावला तो भर उन्हात ओला, गार! उपवास धरला तरी सकाळची गोळी त्यांनी नेमाने घेतली होती, आणि स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेणाऱ्या त्या गोळीस पोट रिकामे असल्याची वर्दी कोण देणार? ते शुद्धीवर होते व गिळू शकत होते, म्हणून बत्तासे पाण्यात विरघळवून पाजले. पंधरा-वीस मिनिटांनी काका म्हणाले, “नारळ कुणापाशी हाय रे?” सायंकाळी तळव्यावर टरारलेला फोड दिसला, तो त्यांना दुखत नव्हता, याचीच मला अधिक भीती वाटली.

कोणी व्रतभंगाचा आक्षेप घेतील. पण ज्यांनी व्रत मोडत नाही अशा गोष्टींत शास्त्रकारांनी जल, फळ, दूध यांच्या जोडीस औषधही गणले आहे. मग रक्तातील साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरलेल्यास १५ ग्रॅम साखर हे औषध नव्हे काय? ती देऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि श्रमाचा परिणाम रात्रीपर्यंत रेंगाळतो, म्हणून निजण्यापूर्वीही मोजावे. गोळी वा इन्सुलिन किती कमी करावयाचे, याची तजवीज मात्र निघण्याआधी डॉक्टरांकडूनच करून घ्यावी.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी आमराईत आली, तेव्हा काका न्याहारी करून, पायांत मोजे-बूट घालून, आम्हा सर्वांबरोबर वाकून यात्रेच्या प्रथेप्रमाणे चुन्याचे खडे वेचीत होते. एका खिशात खडे, दुसऱ्यात बत्तासे.